विणकामाचा जोडधंदा : एका वेळी किती नग सुयांवर ठेवावेत?



शिरूर कासार आणि भोवतालच्या गावांतील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. कापूस, बाजरी, तूर, सोयाबीन, मूग, उडीद ही खरिपाची आणि ज्वारी, हरभरा ही रब्बीची पिके. कामाचा हंगाम आला की घरातील सर्वांचे हात अपुरे पडतात आणि हंगाम सरला की तेच हात मोकळे राहतात. या मोकळ्या वेळात लोकरीचे स्वेटर, कानटोपी, मफलर, बाळंतविड्याचे झबले-टोपडे, क्रोशाच्या सुईने तोरण, रुमाल इत्यादी वस्तू विणणाऱ्या भगिनी जवळपास प्रत्येक गावात आढळतात. घरच्यासाठी विणता विणता शेजारणीची मागणी येते, मग रुखवताची येते आणि हळूहळू त्याचा छोटासा जोडधंदा होतो.

मात्र अशा भगिनींची ट्रंक उघडून पाहिली तर बहुधा एकच चित्र दिसते. पाठीचा भाग पूर्ण झालेला पण बाह्या नसलेला स्वेटर, एका पायाचाच मोजा, वीतभर झालेला मफलर आणि दोन कमळे विणून थांबलेले तोरण. ज्या बाळासाठी टोपडे घातले होते ते बाळ आता अंगणवाडीत जाऊ लागलेले असते. यात आळस कोठेही नसतो. उलट हात सतत चालू असतो, परंतु काम पूर्ण होत नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशाच कामासाठी आहे. एका वेळी किती कामे हाती घ्यावीत, ती कशी सांभाळावीत आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

१. माग आणि सुई यांतील फरक

आपल्या भागातील दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असते. ती अंगालगतच्या विणकामाला फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून तिची घोंगडी होते. घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि मग माग चालू होतो. मागावर एका वेळी एकच ताणा चढतो. घोंगडी उतरल्याशिवाय दुसरी सुरूच करता येत नाही. विणकराची इच्छा असो वा नसो, मागच त्याच्याकडून हातचे काम पुरे करून घेतो.

सुयांच्या विणकामात हा धाक नाही. सुयांची जोडी स्वस्त असते. नवीन रंगाचा लोकरीचा गोळा दिसला, मासिकात नवा नमुना दिसला की दुसऱ्या जोडीवर टाके घालता येतात. सुरुवातीच्या दहा ओळी विणताना उत्साह असतो. मुंढा, गळा, शिलाई ही कामे किचकट, म्हणून ती मागे पडतात. जो धाक माग घालतो तो सुया वापरणाऱ्या भगिनींनी स्वतःच स्वतःला घालून घ्यावा लागतो.

२. दिवसांचा हिशोब

समजा, आपल्याजवळ तीन नगांची मागणी आहे. प्रत्येक नगाला २० तास लागतात आणि घरकाम, शेतीकाम सांभाळून रोज २ तास विणायला मिळतात. एकूण काम ६० तासांचे, म्हणजे ३० दिवसांचे झाले.

पहिली पद्धत : एक नग पूर्ण करून मगच दुसरा घ्यावयाचा. पहिला नग १० व्या दिवशी, दुसरा २० व्या दिवशी व तिसरा ३० व्या दिवशी हाती येतो.

दुसरी पद्धत : तिन्ही नग सुरू करून रोज पाळीपाळीने एकेक विणावयाचा. पहिला नग २८ व्या दिवशी, दुसरा २९ व्या दिवशी व तिसरा ३० व्या दिवशी पूर्ण होतो.

दोन्ही पद्धतींत कष्ट तेवढेच आणि शेवटचा दिवसही तोच. फरक असा की, पहिल्या पद्धतीत १० व्या दिवशीच पैसे मिळू लागतात, तर दुसऱ्या पद्धतीत जवळजवळ महिनाभर एक पैसाही दिसत नाही. त्यातच २० व्या दिवशी कापसाची वेचणी सुरू झाली व विणकाम बंद पडले तर? पहिल्या पद्धतीत दोन नग तयार होऊन विकलेले असतील. दुसऱ्या पद्धतीत तीन नग दोन-तृतीयांश झालेले असतील आणि तयार एकही नसेल. कोरडवाहू शेतीत काम कधी थांबवावे लागेल याचा नेम नसतो. म्हणून पहिली पद्धत आपल्याला अधिक सोयीची आहे.

नग लहान-मोठे असतील तर लहान आधी घ्यावा. १०, २० आणि ३० तासांची तीन कामे असल्यास लहानापासून सुरुवात केली तर ती ५ व्या, १५ व्या व ३० व्या दिवशी पूर्ण होतात. मोठ्यापासून सुरुवात केली तर १५ व्या, २५ व्या व ३० व्या दिवशी होतात. अर्थात ज्या कामाची तारीख ठरलेली आहे, उदा. बारसे किंवा लग्न, ते काम तारखेप्रमाणेच पुढे घ्यावे.

३. पैशाचा हिशोब

विणकामाचे उत्पन्न तासावर मोजावे. खाली दिलेले दर केवळ हिशोब समजावा यासाठी घेतले आहेत. आपल्या बाजारातील दर घालून हाच हिशोब स्वतः करून पाहावा.

मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर : विक्री ९०० रुपये. लोकर ३०० रुपये, बटणे वगैरे २४ रुपये. उरले ५७६ रुपये. वेळ ४८ तास. म्हणजे तासाला १२ रुपये.

बाळंतविड्याचा संच (स्वेटर, टोपडे, मोजे) : विक्री ५०० रुपये. लोकर १३० रुपये, गुंड्या-रिबीन १० रुपये. उरले ३६० रुपये. वेळ १८ तास. म्हणजे तासाला २० रुपये.

कानटोपी : विक्री १२० रुपये. लोकर ४० रुपये. उरले ८० रुपये. वेळ ४ तास. म्हणजे तासाला २० रुपये.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, मोठा स्वेटर दिसायला भारी असला तरी तासाला कमी देतो आणि पैसा अधिक दिवस अडकवून ठेवतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तासाला मिळणारी ही रक्कम शेतमजुरीच्या तुलनेत थोडी आहे. म्हणून रोजगाराचा दिवस बुडवून किंवा झोप मोडून विणकाम करणे परवडत नाही. ज्या वेळेला दुसरे मोल नाही, उदा. पावसाची झड, दुपारची विश्रांती, बसची वाट पाहणे, त्याच वेळेचे विणकामाने मोल होते.

याच हिशोबात अर्धवट नगांकडे पाहावे. पाच नग सुयांवर असतील तर पाच नगांची लोकर रोखीने आणलेली असते आणि कित्येक तासांची मजुरी ट्रंकेत पडून असते. बियाणे पेरून खळे न करावे, तसा हा प्रकार आहे.

४. मग एकच काम घ्यावे काय?

एकच काम घ्यावे हा नियमही सर्व वेळी उपयोगी पडत नाही. जाळीचा किंवा वेलबुट्टीचा नमुना असेल तर टाके मोजावे लागतात. त्याला दिवसाचा उजेड व शांतता हवी. असे काम राखणीला बसल्यावर, बसमध्ये किंवा चार बायकांत बोलत करता येत नाही. तेथे साधी वीणच बरी. शिवाय एकाच जाडीच्या सुईवर सतत काम केल्याने बोटे आखडतात. रंगाची लोकर कमी पडली तर ती येईपर्यंत हात रिकामा राहतो.

याबाबतीत आपली आंतरपीक पद्धत डोळ्यांसमोर ठेवावी. बाजरी आणि तूर आपण एकाच शेतात घेतो. बाजरी तीन महिन्यांत निघून जाते. तूर सुरुवातीला सावकाश वाढते व बाजरी निघाल्यावर पसरते. दोन्ही पिकांची गरज वेगवेगळ्या वेळी असल्यामुळे ती एकमेकांना मारत नाहीत. पण एकाच वेळी एकाच गोष्टीची ओढ असणारी दोन पिके दाट पेरली तर दोन्ही खुरटतात. विणकामाचेही तसेच आहे. दोन्ही नग दिवसाचा उजेड आणि एकाग्रता मागणारे असतील तर ते एकमेकांचा वेळ खातात. एक नग उजेड मागणारा व दुसरा कोठेही विणता येणारा असेल तर दोन्ही पुढे जातात.

म्हणून एका वेळी जास्तीत जास्त तीनच कामे ठेवावीत आणि ती तीन वेगवेगळ्या प्रकारची असावीत.

अ) मुख्य काम : मागणीचा, तारखेचा किंवा नमुन्याचा नग. हा घरी, दिवसाच्या उजेडात विणावा. जो काही निवांत वेळ मिळेल तो आधी याला द्यावा.

आ) सोबतीचे काम : पिशवीत मावणारे, साध्या विणीचे काम, उदा. मफलर, टोपीचा सरळ भाग, बाहीचा सरळ भाग. शेतात, प्रवासात, दवाखान्यात, बैठकीत हे बरोबर न्यावे.

इ) लहान काम : दोन-तीन दिवसांत संपणारे, उदा. मोजे, कानटोपी. मुख्य कामाचा कंटाळा आला किंवा लोकरीसाठी थांबावे लागले तरच याला हात लावावा.

यापैकी एक पूर्ण झाल्याशिवाय त्या प्रकारातील दुसरे काम सुरू करू नये. ‘पूर्ण’ याचा अर्थ शिलाई केलेले, धाग्यांची टोके आत ओवलेली, गुंड्या लावलेले आणि धुऊन घडी घातलेले. शिलाई राहिलेला स्वेटर हा अर्धवटच समजावा.

हा नियम पाळण्याचा सोपा उपाय म्हणजे सुयांच्या तीनच जोड्या बाहेर ठेवाव्यात. बाकीच्या बांधून घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे ठेवण्यास द्याव्यात.

५. प्रत्येक नगाची पिशवी आणि चिठ्ठी

तीन कामे एका टोपलीत ठेवल्यास लोकर गुंतते, सुया बदलतात व टाके निसटतात. प्रत्येक कामासाठी जुन्या कापडाची नाडीची पिशवी शिवावी. तिच्यात त्या नगाची सर्व लोकर, सुया आणि एक पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर पुढील नोंदी असाव्यात :

१) नग कोणासाठी आहे, देण्याची तारीख, घेतलेली उचल.
२) मापे : छाती, उंची, बाही.
३) सुयांचा नंबर. आपल्याकडील जुन्या पद्धतीत नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. ८ नंबरची सुई सुमारे ४ मि.मी., १० नंबरची सव्वातीन मि.मी. व १२ नंबरची पावणेतीन मि.मी. जाडीची असते.
४) लोकरीचा रंग व लॉट क्रमांक. गोळ्याच्या कागदी पट्टीवर हा क्रमांक छापलेला असतो. ती पट्टी चिठ्ठीला टोचून ठेवावी. रंग तोच असला तरी लॉट बदलल्यास छटा बदलते आणि स्वेटरवर पट्टा उठून दिसतो. म्हणून एका नगाची लोकर एकदमच घ्यावी. मात्र पुढच्या चार नगांची आधीच घेऊन ठेवू नये.
५) किती टाके घातले, किती ओळी झाल्या. दहा ओळी झाल्या की पेन्सिलीने एक रेघ मारावी.
६) पुढे काय करावयाचे, उदा. ‘मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंनी ४-४ टाके बंद करणे’.

सहावी नोंद बहुतेक भगिनी करीत नाहीत. आज जे डोक्यात पक्के असते ते महिन्याने आठवत नाही. मग काम उसवण्यापेक्षा नवे सुरू करणे सोपे वाटते. अर्धवट कामे साठण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

६. काम थांबवताना आणि पुन्हा हाती घेताना

ओळ पूर्ण करूनच काम खाली ठेवावे. ओळीच्या मध्ये थांबल्यास तेथील टाके ताणले जातात व धुतल्यावरही ती रेघ दिसते. सुयांच्या टोकांना बूच किंवा खोडरबराचा तुकडा लावावा. आठ-दहा दिवसांहून अधिक काळ थांबावयाचे असेल तर सुई काढून सर्व टाके सुती जाड दोऱ्यात ओवून घ्यावेत व दोऱ्याची दोन्ही टोके बांधावीत. त्यामुळे सुया मोकळ्या होतात आणि टाक्यांवर ताण राहत नाही. किचकट नमुना असेल तर दर वीस ओळींनंतर वेगळ्या रंगाचा दोरा एका ओळीतून ओवून ठेवावा. पुढे चूक झाल्यास त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागते.

पुन्हा काम सुरू करताना प्रथम टाके मोजावेत. नंतर शेवटच्या दोन ओळी उसवून नव्याने विणाव्यात. हाताची ओढ दर काही महिन्यांनी बदलते, हे विसरू नये. शेतीच्या कष्टाने हात कडक झाला असेल तर टाके घट्ट पडतात. उदाहरणार्थ, १० सें.मी. मध्ये २४ टाके बसतात असे धरून ४५ सें.मी. रुंदीच्या भागासाठी १०८ टाके घातले. पाठ विणून झाली. चार महिन्यांनी पुढचा भाग घेतला तेव्हा हात घट्ट होऊन १० सें.मी. मध्ये २६ टाके बसू लागले. आता तेच १०८ टाके साडेएक्केचाळीस सें.मी. भरतात. पुढचा भाग साडेतीन सें.मी. अरुंद होतो आणि शिलाईच्या वेळी दोन्ही बाजू जुळत नाहीत. म्हणून मोठ्या खंडानंतर हातभर काम करण्याआधी छोटा चौकोन विणून टाके मोजावेत. घट्ट बसत असल्यास एक नंबर जाड सुई घ्यावी.

लहान मुलांच्या नगाला खंड पडला असेल तर माप पुन्हा घ्यावे. मूल वाढलेले असते, चिठ्ठीवरचे माप वाढत नाही.

७. वर्षाचे वेळापत्रक

विणकामाचे नियोजन शेतीच्या कामाशी जुळवून करावे. आपल्या भागासाठी साधारण वेळापत्रक पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

चैत्र-वैशाख : लग्नसराई. उन्हात हाताला घाम येऊन लोकर चिकटते. त्यामुळे सुती दोऱ्याची क्रोशाकामे, तोरण, रुमाल घ्यावेत. साखळी, खांब, मुका खांब यांची ही कामे सुट्या फुलांनी होत असल्याने थांबवणेही सोपे जाते.

ज्येष्ठ-आषाढ : पेरणी व पहिली खुरपणी. नवे मोठे काम घेऊ नये. पिशवीतील सोबतीचे कामच ठेवावे.

श्रावण-भाद्रपद : झडीचे दिवस. हिवाळ्यातील मागणीचे स्वेटर याच काळात सुरू करावेत. मूग-उडदाच्या तोडणीचे दिवस सोडून चांगला वेळ मिळतो.

आश्विन-कार्तिक : सोयाबीनची काढणी, ज्वारीची पेरणी, कापसाची वेचणी. एकही नवा नग सुयांवर घालू नये. फक्त राहिलेली शिलाई, गुंड्या, धुलाई करावी. स्वेटरची मागणी मात्र याच वेळी येते. तयार माल असेल तोच द्यावा. नवी मागणी घेतल्यास तारीख पौषाची द्यावी.

मार्गशीर्ष-पौष : थंडीचे दिवस व विक्रीचा काळ. टोप्या, मोजे, मफलर अशी लहान कामे एकामागून एक पूर्ण करावीत.

माघ-फाल्गुन : ज्वारीची काढणी. त्यानंतर वर्षाचा हिशोब, जुन्या कामांची तपासणी आणि लोकरीची साठवण करावी.

थंडी पडल्यावर स्वेटर सुरू करणारी भगिनी नेहमी मागे राहते, कारण थंडी व कापूस वेचणी एकाच वेळी येतात. श्रावणात टाके घातलेला स्वेटरच मार्गशीर्षात अंगात पडतो.

८. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. फडातील दिवस पहाटेआधी सुरू होतो. तोडणी, मोळ्या बांधणे, वाहणे आणि वर स्वयंपाक व मुले. अशा भगिनींनी तेथे विणकाम करावे असा सल्ला देणे योग्य होणार नाही. तेथे मिळणारा मोकळा वेळ विश्रांतीचाच असला पाहिजे.

मात्र निघण्यापूर्वी हातातील कामांची बांधाबांध करून जावे. निघण्याच्या महिनाभर आधी नवे काम बंद करावे. दर नगाबाबत तीनपैकी एक निर्णय घ्यावा : पूर्ण करणे, दुसऱ्या हाती देणे किंवा दोऱ्यात ओवून बांधून ठेवणे. मागणीचा नग असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून तारीख बदलून घ्यावी किंवा उचल परत करावी. उचलीचे ओझे किती असते हे ऊसतोड कुटुंबांना सांगण्याची गरज नाही. विणकामाची लहानशी उचलही अंगावर ठेवून जाऊ नये.

बांधून ठेवावयाचा नग स्वच्छ व पूर्ण कोरडा असावा. बाजारात मिळणारी बहुतेक लोकर ही ॲक्रिलिक धाग्याची असते. तिला कसर लागत नाही, पण उंदीर कुरतडतात. मेंढीची लोकर मिसळलेली असेल तर कसर हमखास लागते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून किंवा डांबराच्या गोळ्या पुडीत बांधून पिशवीबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि ठेवणीतील बाळाचे कपडे वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावेत.

९. गटाने काम करताना

एका भगिनीला तीन नगांची मर्यादा असली तरी बचत गटाला अधिक मागणी घेता येते. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून कार्यरत आहे आणि ‘उमेद’ अभियान २०११ मध्ये सुरू झाले. त्यांच्यामार्फत गावोगावी गट उभे राहिले आहेत. गटाने मागणी घेतल्यास कामाची वाटणी पुढीलप्रमाणे करावी.

एका स्वेटरची पाठ व पुढचा भाग एकाच हाताने विणलेला असावा. दोन्ही बाह्याही एकाच हाताच्या असाव्यात. एक बाही एकीने व दुसरी दुसरीने विणल्यास लांबी-रुंदीत फरक पडतोच. शिलाई आणि गळ्याची पट्टी ज्या भगिनीचा हात सफाईदार आहे तिच्याकडे द्यावी. एखादीला मध्येच गावी जावे लागल्यास तिने हातातील भाग पूर्ण करूनच पिशवी व चिठ्ठी पुढच्या भगिनीकडे सोपवावी. किती भाग कोणी विणले याची वहीत नोंद ठेवावी, म्हणजे पैशाच्या वाटणीत वाद होत नाही.

१०. जुन्या अर्धवट कामांची तपासणी

वर्षातून एकदा ट्रंक पूर्ण रिकामी करावी. प्रत्येक अर्धवट नग हातात घेऊन तीन प्रश्न विचारावेत. हा नग ज्याच्यासाठी होता त्याला किंवा दुसऱ्या कोणाला तो अजून उपयोगी आहे काय? लागणारी लोकर घरात आहे काय? उरलेले काम दहा तासांत होईल काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर तोच नग मुख्य काम म्हणून घ्यावा. पहिले उत्तर ‘नाही’ असेल तर तो उसवावा. पहिले ‘होय’ असून बाकीच्यांत अडचण असेल तर नग लहान करता येतो का ते पाहावे. पूर्ण बाह्यांचा स्वेटर बिनबाह्यांचा करता येतो. अर्ध्या मफलरची टोपी होते.

उसवण्यात कमीपणा मानू नये. पाय न लागणारे पीक मोडून दुसरे पेरतो, तसेच हे आहे. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून हलके दाबावी आणि सावलीत टांगून खाली थोडे वजन अडकवावे. लोकरीचा मुरडा निघून ती पुन्हा वापरता येते. अशी लोकर विक्रीच्या नगाला न वापरता घरच्या वापराला घ्यावी.

११. प्रकृतीची काळजी व घरच्यांचे सहकार्य

सलग अर्ध्या तासाहून अधिक विणू नये. मध्ये उठून बोटे व मनगटे मोकळी करावीत. पाठीला टेकू घ्यावा. चिमणीच्या किंवा अंधुक दिव्याच्या उजेडात गडद रंगाची लोकर विणू नये. रात्री फिकट रंगाचे साधे काम घ्यावे. मनगटात मुंग्या येत असल्यास काही दिवस काम बंद ठेवून दवाखान्यात दाखवावे.

घरातील पुरुष मंडळींनीही या कामाकडे ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणून पाहू नये. बाजारला गेल्यावर लॉट क्रमांक पाहून लोकर आणणे, हिशोबाची वही लिहिणे, गिऱ्हाइकाकडून पैसे वेळेवर आणणे आणि ते पैसे विणणारीच्या हाती देणे, एवढे केले तरी पुष्कळ मदत होते.

प्रशिक्षणासाठी बीड जिल्ह्यात खामगाव (ता. गेवराई) आणि दिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे चौकशी करावी. गटाने मिळून मागणी केल्यास ती मांडणे सोपे जाते.

लक्षात ठेवावे :

१) एका वेळी तीनच कामे : एक मुख्य, एक सोबतीचे, एक लहान.
२) शिलाई व धुलाई झाल्याशिवाय नग पूर्ण समजू नये.
३) तारखेचे काम प्रथम, तारीख नसल्यास लहान काम प्रथम.
४) प्रत्येक नगाला स्वतंत्र पिशवी व चिठ्ठी.
५) हिवाळ्याचे काम श्रावणात सुरू करावे; कापूस वेचणीच्या काळात नवे टाके घालू नयेत.
६) ऊसतोडीला निघण्यापूर्वी प्रत्येक नगाचा व उचलीचा निकाल लावावा.

येत्या आठवड्यात एक दुपार काढून ट्रंक उघडावी, सर्व अर्धवट नग जमिनीवर मांडावेत आणि जो सर्वांत लवकर पूर्ण होईल तो आधी संपवावा. तो नग गिऱ्हाइकाच्या हाती पडून त्याचे पैसे घरी येईपर्यंत दुकानातील नव्या रंगाकडे पाहू नये.